खोडींचं दप्तर: लॅपटॉपवर लिनक्स चालवण्याचा थोडा इतिहास

लिनक्स कर्नलच्या सोर्स कोडमध्ये 'क्वर्क्स' नावाची एक फाइल आहे, हजारो ओळींची. क्वर्क म्हणजे आपल्या साध्या मराठीत खोड. कुठली चिप कागदावर एक सांगते आणि प्रत्यक्षात दुसरंच वागते, आणि तिच्याशी मग कसं वागायचं, याच्या त्या नोंदी. अशाच याद्या कर्नलमध्ये इतर ठिकाणीही विखुरलेल्या आहेत: आवाजाच्या ड्रायव्हरमध्ये, कीबोर्ड-टचपॅडच्या ड्रायव्हरमध्ये, स्क्रीनच्या उजेडाच्या भागात. एका नोंदीत साधारण एवढंच असतं: कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, कधी बायोसची आवृत्ती, आणि 'इथे नेहमीचं करू नका, हे करा' अशी सूचना. म्हण आहेच, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. इथे तर लॅपटॉप भंगारात गेल्यावरही खोड यादीत शिल्लक राहते.

माझं एमएस्सी भौतिकशास्त्रात झालं आणि पीएचडी तंत्रज्ञानाच्या इतिहासात चालू आहे. त्यामुळे मी या याद्या प्रोग्रामरसारख्या वाचत नाही, दप्तरखान्यातले रुमाल सोडावेत तशा वाचते. बऱ्याच नोंदींमागे त्या कोणी, कधी, कशाच्या आधारावर घातल्या याचा मजकूर गिटच्या इतिहासात जपलेला असतो. तारीख आहे, कारण आहे, बऱ्याचदा कोणत्या वापरकर्त्याच्या मशीनवर तपासलं तेही आहे. इतकं नीट ठेवलेलं अस्सल साधन इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार कमी वेळा मिळतं.

या साधनांतून मला जो प्रश्न दिसतो तो असा. लॅपटॉपसाठी लिखित मानक होतं, ते सगळ्यांना खुलं होतं, तरी ते वाचून लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम लॅपटॉपवर नीट का चालली नाही?

आधी मानकाबद्दल. १९९२मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने एपीएम आणलं. लॅपटॉप झोपवणं, डिस्क थांबवणं, बॅटरीवर लक्ष ठेवणं ही कामं तेव्हा मुख्यतः बायोस करायचा आणि ऑपरेटिंग सिस्टीमला फक्त कळवायचा. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय जाहीर केलं आणि कारभार उलटा झाला. आता निर्णय ऑपरेटिंग सिस्टीमचा. बायोसने फक्त 'माझ्या मशीनवर हे काम असं करतात' याचे छोटे प्रोग्राम द्यायचे. हे प्रोग्राम डीएसडीटी नावाच्या तक्त्यात एका वेगळ्या भाषेच्या बाइटकोडमध्ये असतात, आणि ते चालवणारा इंटरप्रिटर कर्नलच्या आत असतो. म्हणजे झाकण बंद केल्यावर काय करायचं हे लिनक्स लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. ते लॅपटॉप बनवणाऱ्याने लिहिलेलं असतं आणि लिनक्स ते निमूटपणे चालवतो. विंडोजचंही तेच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही छोटी प्रोग्रामं तपासायची कशी? लॅपटॉप कंपनीच्या दृष्टीने उत्तर सोपं होतं: विंडोज टाकायची, झाकण बंद करायचं, उघडायचं, मशीन जागं झालं की काम झालं. मानकाच्या शेकडो पानांशी ताडून बघायला वेळ कोणाकडे होता? शिवाय त्या भाषेचे दोन कंपायलर चलनात होते, एक मायक्रोसॉफ्टचा आणि एक इंटेलचा. मायक्रोसॉफ्टचा काही चुकांकडे काणाडोळा करायचा, इंटेलचा तक्रार करायचा. एखाद्या कार्याने उत्तर परत द्यायला हवं आणि ते दिलेलंच नाही, असले दोष विंडोजवर खपून जायचे. तोच तक्ता लिनक्सच्या काटेकोर इंटरप्रिटरपुढे आला की बॅटरीचा आकडा गायब.

सुरुवातीच्या वर्षांत हौशी लोकांनी यावर जो उपाय केला तो मला फार आवडतो. स्वतःच्या लॅपटॉपचा डीएसडीटी तक्ता बाहेर काढायचा, उलटा वाचनीय भाषेत आणायचा, इंटेलच्या कंपायलरने दाखवलेल्या चुका हाताने दुरुस्त करायच्या आणि दुरुस्त तक्ता बूट होताना कर्नलच्या हातात द्यायचा. पण कर्नलवाल्यांना हे पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. एकाचा लॅपटॉप सुधारतो, त्याच मॉडेलचे बाकीचे तसेच राहतात. विंडोज जर हा चुकीचा तक्ता पचवत असेल तर लिनक्सनेही पचवला पाहिजे, अशी भूमिका पुढे रुळली आणि इंटरप्रिटर मुद्दाम ढिला करण्यात आला. आजही कर्नलला मानकाप्रमाणे काटेकोर वागायचं असेल तर बूट करताना 'स्ट्रिक्ट' असा पर्याय वेगळा द्यावा लागतो. नियम पाळणं हा पर्याय झाला आणि सवलत ही रीत.

आता एक कागद बघू. जानेवारी १९९९मध्ये बिल गेट्स यांनी कंपनीतल्या सहकाऱ्यांना एक ईमेल लिहिला होता. पुढे आयोवा राज्यातल्या 'कोम्स विरुद्ध मायक्रोसॉफ्ट' या खटल्यात तो पुरावा म्हणून दाखल झाला आणि सार्वजनिक झाला. त्यात गेट्स विचारतात की एसीपीआयमधली ही भर विंडोजपुरतीच राहील असं काही करता येईल का. मेहनत आपण आणि आपल्या भागीदारांनी करायची आणि लिनक्स आयता चालायचा, हे त्यांना खटकत होतं.

हा कागद हाती आला की मोह होतोच. हा बघा पुरावा, मुद्दाम बिघडवलं! ही चर्चा मी अनेकदा ऐकली आहे आणि माझं मत तिच्या विरुद्ध आहे. ईमेल अस्सल आहे, इच्छा स्पष्ट आहे. पण इच्छेचा पुरावा म्हणजे परिणामाच्या कारणाचा पुरावा नव्हे. या ईमेलनंतर मानकात अमुक बदल झाला आणि त्यामुळे अमुक लॅपटॉप लिनक्सवर बिघडले, अशी साखळी ईमेलमधून मिळत नाही. उलट खोडींच्या याद्या वाचल्या तर वेगळंच कारण पानोपानी दिसतं: निष्काळजीपणा, घाई, आणि फक्त विंडोजवर तपासणं. कट नसतानाही हेच घडलं असतं. तुमच्या प्रबंधात असा एखादा चमचमीत कागद सापडेल तेव्हा हा प्रश्न आधी विचारा: हा कागद सापडलाच नसता, तर जे घडलं त्याचं स्पष्टीकरण अडलं असतं का?

या इतिहासातलं सगळ्यात गमतीदार प्रकरण मात्र खोटं बोलण्याचं आहे. एसीपीआयमध्ये अशी सोय आहे की बायोसचा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टीमला विचारू शकतो, 'तू अमुक आहेस का?' विंडोजची प्रत्येक आवृत्ती आपल्या नावाला आणि आधीच्या बऱ्याच आवृत्त्यांच्या नावांनाही 'हो' म्हणते. कित्येक लॅपटॉपच्या तक्त्यात एक चल असतं आणि मिळालेल्या उत्तरांनुसार त्यात एक साल भरलं जातं: विंडोज ७ असेल तर २००९, विंडोज ८ असेल तर २०१२. मग पुढचं वागणं त्या सालावर ठरतं.

लिनक्सने काय उत्तर द्यावं? प्रामाणिक उत्तर, 'मी लिनक्स', काही काळ दिलं गेलं. त्याचा परिणाम वाईट झाला. ज्या थोड्या कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळी वाट लिहिली त्यांनी ती त्या वेळच्या एखाद्या कर्नलमधल्या एखाद्या दोषाला वळसा घालण्यासाठी लिहिली. तो दोष पुढच्या आवृत्तीत दुरुस्त झाला, पण बायोसमधला वळसा तसाच राहिला आणि आता तोच त्रास देऊ लागला. विंडोजच्या आवृत्त्या काही वर्षांनी येतात, लिनक्स दर दोन-तीन महिन्यांनी बदलतो. 'लिनक्स' या एका शब्दात नक्की कोणतं वागणं अभिप्रेत आहे हे बायोसला कळणार कसं? म्हणून ऑक्टोबर २००७मध्ये आलेल्या २.६.२३ या आवृत्तीपासून कर्नलने त्या प्रश्नाला 'हो' म्हणणं बंद केलं. विंडोजच्या नावांना मात्र तो 'हो' म्हणतो. एखाद्या बायोसने अजूनही 'तू लिनक्स आहेस का' असं विचारलं तर कर्नल बूटच्या नोंदींत लिहितो की प्रश्न दुर्लक्षित केला, आणि त्या ओळीवर शिक्का मारतो 'फर्मवेअरचा दोष' असा. म्हणजे नाव विचारणं हाच दोष ठरला.

विंडोज असल्याचं सोंग घेतलं की विंडोजची कर्तव्यंही गळ्यात पडतात. विंडोज ८ने स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करण्याचं काम फर्मवेअरकडून काढून ग्राफिक्स ड्रायव्हरकडे दिलं. लिनक्सने '२०१२'ला हो म्हटलं, तेव्हा बऱ्याच नव्या लॅपटॉपवर फर्मवेअरचा जुना मार्ग नीट चालेना. २०१३च्या सुमारास उजेडाच्या बटणांच्या तक्रारींचा पाऊस पडला, एक दुरुस्ती झाली, ती मागे घेतली गेली, पुन्हा झाली. आजही उजेडाचा मार्ग हाताने निवडण्याचा बूट पर्याय कर्नलमध्ये आहे.

त्याच वर्षी एक प्रकरण खोडीच्या पलीकडे गेलं. जानेवारी २०१३मध्ये सॅमसंगच्या काही लॅपटॉपवर यूईएफआय पद्धतीने उबुंटू सुरू केल्यावर मशीन कायमचं बंद पडल्याच्या बातम्या आल्या. पुन्हा बटण दाबलं तरी काही नाही, मदरबोर्ड बदला. संशय साहजिकच लिनक्समधल्या सॅमसंगच्या ड्रायव्हरवर गेला, कारण तो मेमरीतल्या एका ठरावीक जागी हात घालायचा. यूईएफआयवर तो ड्रायव्हर बंद केला गेला. प्रकरण मिटलं असं वाटलं असतं, पण मॅथ्यू गॅरेट यांनी पुढे खणलं. (हे गृहस्थ जनुकशास्त्रातले पीएचडी, शिकले फळमाश्यांच्या जनुकांवर आणि जन्म गेला लॅपटॉप झोपवण्यात!) फेब्रुवारीत त्यांनी दाखवलं की फर्मवेअरच्या कायमस्वरूपी साठवणीत बरीच माहिती लिहिली की ही मशीन मरतात, आणि हे विंडोजमधून एक साधा प्रोग्राम चालवूनही घडवता येतं. म्हणजे ड्रायव्हर हा अपराधी नव्हता, निदान एकटा तरी नव्हता. दोष फर्मवेअरचा होता आणि लिनक्सने फक्त त्याच्यावर पाय दिला होता. त्यानंतर ती साठवण भरत येऊ नये याची खबरदारी कर्नलने घ्यायला सुरुवात केली.

संशय ड्रायव्हरवर असताना विंडोजवर तोच बिघाड घडवून बघणं, याला आपण प्रयोगशाळेत नियंत्रित प्रयोग म्हणतो. घरच्या लॅपटॉपवरही हे करता येतं. लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुणा सीनियरकडून जुना लॅपटॉप घेऊन त्यावर लिनक्स टाकणारे तुमच्यात बरेच असतील, म्हणून एक गोष्ट सांगते. आमच्या विभागातल्या एका मैत्रिणीच्या लॅपटॉपचा आवाज लिनक्समध्ये कधी यायचा, कधी नाही. आठवडाभर ती सेटिंग बदलत होती आणि प्रत्येक बदलाचं श्रेय-अपश्रेय लिहून ठेवत होती. खरं चल वेगळंच निघालं: विंडोजमधून थेट रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलं की आवाज यायचा, पूर्ण बंद करून चालू केलं की नाही. विंडोजचा ड्रायव्हर चिप जागी करून ठेवत होता आणि लिनक्सला आयती जागी चिप मिळत होती. तेव्हा तपासणी नेहमी पूर्ण बंद केलेल्या मशीनपासून सुरू करा. शिवाय विंडोज ८पासूनचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, कारण ते चालू असताना 'शट डाउन' म्हणजे खरं शट डाउन नसतंच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. आधीच्या कर्नलवर चालत होतं आणि नव्यावर चालत नाही, असं असेल तर गिटमध्ये दुभागणीची सोय आहे: मधले हजार बदल असले तरी दर वेळी निम्मे बाद करत दहाएक बूटांत दोषी बदल सापडतो.

विंडोजचं सोंग घ्यायची सोयच नसेल तर काय, हा प्रश्न नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलच्या एम१ मॅकबरोबर आला. तिथे एसीपीआय नाही, चिपची कागदपत्रं नाहीत. मात्र दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बूट करायला ॲपलने दार उघडं ठेवलं होतं. असाही लिनक्स हा प्रकल्प त्यातून उभा राहिला आणि मार्च २०२२मध्ये त्याची पहिली अल्फा आवृत्ती आली. त्यांनी एक छोटा हायपरवायझर लिहिला, त्याच्या आत ॲपलची स्वतःची मॅकओएस चालवली, आणि ती कोणत्या हार्डवेअरला कधी, काय लिहिते-वाचते हे बाहेर बसून नोंदवलं. आधीच्या पिढीने विंडोजचं वागणं अंदाजाने गाठलं होतं, इथे निरीक्षणाचं उपकरणच बनवलं.

आणि तरीही मॅकबुकचे स्पीकर त्यांनी बराच काळ बंदच ठेवले. ड्रायव्हर चालत नव्हता म्हणून नाही. ते स्पीकर छोटे असून त्यांना मोठा आवाज काढायला लावलेला असतो. सॉफ्टवेअरने आवरलं नाही तर आतली तारेची गुंडाळी तापून जळू शकते. स्पीकरमधला विद्युतप्रवाह आणि दाब मोजून गुंडाळीचं तापमान सतत अंदाजणारा आणि वेळीच आवाज उतरवणारा वेगळा प्रोग्राम तयार झाला, मॉडेलनुसार त्याचे आकडे ठरले, मगच एकेका मॉडेलवर स्पीकर सुरू करण्यात आले. तोपर्यंत लोक हेडफोन लावून ऐकत होते.