पतंजली : एक नाव, तीन शास्त्रे

पतंजली : संस्कृत ज्ञानपरंपरेतील एक ग्रंथकारनाम. व्याकरणातील महाभाष्य, योगदर्शनातील योगसूत्रे आणि आयुर्वेदातील चरकसंहितेचा प्रतिसंस्कार अशी तीन निराळ्या शास्त्रांतील कामे परंपरेने या एकाच नावावर जमा केली आहेत. हे तिन्ही ग्रंथ एकाच माणसाच्या हातचे असल्याचे आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. तरीही भाषा, मन आणि शरीर यांची शास्त्रे एका नावाखाली कशी आली, या प्रश्नाला स्वतःचा इतिहास आहे. या नोंदीत मुख्यतः त्याचाच आढावा घेतला आहे.

नावाची व्युत्पत्ती व आख्यायिका : पाणिनीय परंपरेत ‘पतत्’ (पडणारा) आणि ‘अंजली’ (ओंजळ) या दोन शब्दांपासून हे नाव साधतात. नेहमीच्या संधिनियमांनी हे रूप सिद्ध होत नाही, म्हणून शकंधू, मनीषा अशा अपवादात्मक शब्दांच्या गणात त्याचा समावेश करतात. आख्यायिकेने याच व्युत्पत्तीची कथा केली : गोणिका नावाची तपस्विनी अर्घ्य देत असता शेषनाग बालरूपाने तिच्या ओंजळीत पडला, तोच पतंजली. शेषाला हजार मुखे असल्यामुळे पडद्याआड बसून तो हजार शिष्यांना एकाच वेळी महाभाष्य शिकवी, आणि एका शिष्याने कुतूहलाने पडदा उचलताच सारे भस्म झाले, अशीही कथा आहे. फणी, शेष, अहिपती ही त्याची पर्यायनामे या समजुतीतूनच आली. कमरेवर मानव आणि खाली सर्प अशी त्याची मूर्ती घडवतात. चिदंबरमच्या परंपरेत व्याघ्रपादाबरोबर तो नटराजाच्या नृत्याचा साक्षी मानला जातो.

वैयाकरण पतंजली : या नावाचा सर्वांत भक्कम आधार महाभाष्यात आहे. पाणिनीच्या सुमारे ४,००० सूत्रांपैकी निवडक सूत्रे आणि त्यांवरील कात्यायनाची वार्तिके यांची चर्चा करणारा हा ग्रंथ ८५ आह्निकांत, म्हणजे दिवसादिवसाच्या पाठांत, विभागलेला आहे. शंका, समाधान, पुन्हा शंका अशी त्याची संवादी घडण असून उदाहरणे रोजच्या व्यवहारातली आहेत. ज्याला मडके हवे तो कुंभाराकडे जातो, पण ज्याला शब्द हवेत तो वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द करून दे’ असे म्हणत नाही. लोक शब्द आधीच वापरत असतात आणि व्याकरण त्या वापरामागचे नियम सांगते, असे तो दाखवून देतो. ‘गो’ या एका शब्दाची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका अशी अपभ्रष्ट रूपे तो नोंदवतो.

ग्रंथाचा काळ ठरला तोही अशा उदाहरणांवरूनच. वक्त्याने प्रत्यक्ष पाहिली नसली, तरी त्याच्या हयातीतली आणि लोकांत प्रसिद्ध असलेली भूतकालीन घटना सांगताना कोणते क्रियारूप वापरावे, या चर्चेत यवनाने साकेत आणि मध्यमिका या नगरांना वेढा घातल्याचे उदाहरण येते. वर्तमानकाळाच्या चर्चेत शुंग राजा पुष्यमित्र याच्यासाठी चालू असलेल्या यज्ञाचा उल्लेख आहे. रा. गो. भांडारकरांनी १८७२ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त या उल्लेखांच्या आधारे महाभाष्यकार इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यास झाला असे प्रतिपादन केले. व्याकरणातल्या काळरूपाने ग्रंथकाराचा काळ सांगावा, असा हा योग होता.

योगसूत्रकार पतंजली : योगसूत्रांत समाधी, साधन, विभूती आणि कैवल्य असे चार पाद असून प्रचलित पाठात १९५ सूत्रे आहेत. अकराव्या शतकात अल् बीरूनीने योगावरील संस्कृत ग्रंथाचे जे अरबी रूपांतर केले, त्याच्या नावातही पतंजलीच आहे. सूत्रांवरील भाष्य परंपरेने व्यासांचे मानले जाते. मात्र सूत्रे आणि भाष्य मिळून ‘पातंजल योगशास्त्र’ हा एकाच कर्त्याचा, इ. स. ४०० च्या आसपासचा ग्रंथ आहे, असे मत अलीकडे फिलिप मास यांनी मांडले आहे. ते ग्राह्य धरले, तर वैयाकरण आणि योगसूत्रकार यांच्यात पाच शतकांहून अधिक अंतर पडते.

दोघे एकच असल्याच्या बाजूने मुख्य दाखला ग्रंथारंभाचा : दोन्ही ग्रंथ ‘अथ’ने सुरू होतात आणि दोन्हींच्या पहिल्या वाक्यात ‘अनुशासन’ हा शब्द आहे. परंतु ‘अथ’ने आरंभ करणे हा सूत्रवाङ्मयाचा सर्वसाधारण शिरस्ता होता. जेम्स वुड्स यांनी १९१४ च्या आपल्या भाषांतराच्या प्रस्तावनेत ‘द्रव्य’ या संकल्पनेची दोन ग्रंथांतली मांडणी ताडून पाहिली आणि कर्ते भिन्न ठरवले. चौथ्या पादात बौद्ध विज्ञानवादाचे खंडन आहे, हा सूत्रे उत्तरकालीन असल्याचा पुरावा मानला जातो. उलट सुरेंद्रनाथ दासगुप्तांनी १९२२ मध्ये चौथा पाद मागाहूनचा धरून पहिले तीन पाद वैयाकरणाचे असू शकतात असा पक्ष घेतला.

वैद्यक आणि पतंजली : तीन धाग्यांपैकी हा सर्वांत कच्चा. चरकसंहिता आपली परंपरा स्वतःच सांगते : अग्निवेशाने तंत्र रचले, चरकाने त्यावर संस्कार केला आणि दृढबलाने अपुरा भाग पुरा केला. त्यात पतंजलीचे नाव नाही. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात योगाचे विवेचन आहे खरे, पण ते आत्मा, इंद्रिये, मन आणि विषय यांच्या संयोगाच्या परिभाषेत चालते. ही परिभाषा वैशेषिक दर्शनाला जवळची आहे, योगसूत्रांना नव्हे. चरक म्हणजेच पतंजली हे समीकरण नंतरच्या टीकाकारांनी मांडले.

तीन शास्त्रांची सांगड : ही सांगड घालणारी कल्पना मात्र तिला पतंजलीचे नाव जोडले गेले त्यापेक्षा जुनी आहे. पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शरीर, वाणी आणि बुद्धी यांच्या ठिकाणी मळ साचतात आणि त्यांची शुद्धी अनुक्रमे चिकित्सा, व्याकरण आणि अध्यात्म या शास्त्रांनी होते, असे म्हटले. तेथे या तिन्हींचा एक कर्ता सांगितलेला नाही. महाभाष्याचा थोर व्याख्याता असलेल्या भर्तृहरीने व्याकरणाला वैद्यकाच्या पंक्तीला बसवले ते त्याची थोरवी सांगण्यासाठी : औषध देहासाठी जे करते, तेच व्याकरण वाणीसाठी करते.

अकराव्या शतकात या चौकटीत पतंजलीचे नाव ठळकपणे बसलेले दिसते. धारचा भोज राजा योगसूत्रांवरील ‘राजमार्तंड’ वृत्तीच्या आरंभी आपण व्याकरण, योग आणि वैद्यक या तिन्हींवर ग्रंथ रचून सर्पराजाप्रमाणे वाणी, चित्त आणि देह यांचा मळ दूर केल्याचे सांगतो. त्याच शतकातला बंगालचा वैद्य चक्रपाणिदत्त चरकसंहितेवरील टीकेच्या मंगलाचरणात पातंजल योग, महाभाष्य आणि चरकाचा प्रतिसंस्कार यांच्या योगे मन, वाणी आणि काया यांचे दोष घालवणाऱ्या अहिपतीला वंदन करतो. राजाला स्वतःच्या बहुश्रुतपणासाठी आदर्श हवा होता, वैद्याला आपल्या शास्त्रासाठी प्रतिष्ठा. भर्तृहरीचे तीन मळ दोघांच्याही कामी आले.

हे नाव पुढे वाचनाची दिशाही ठरवू लागले. अठराव्या शतकात काशीला विद्यादान करणारा महाराष्ट्रीय पंडित नागोजी भट्ट काळे याने महाभाष्यावरील कैयटाच्या ‘प्रदीपा’वर ‘उद्द्योत’ लिहिला आणि योगसूत्रांवरही वृत्ती रचली. शब्दार्थविचारावरील ‘मंजूषा’ या ग्रंथात त्याने ‘आप्त’, म्हणजे ज्याच्या शब्दावर विसंबावे असा माणूस, याची व्याख्या चरकातील पतंजलीची म्हणून दिली. वैद्यकातले वचन व्याकरणाच्या वादात उपयोगी पडले, कारण दोन्हीकडचा आचार्य एकच असे त्याने गृहीत धरले होते. कर्तृत्वाबद्दलची चुकीची समजूत अशा रीतीने एका शास्त्राचा विचार दुसऱ्यात पोहोचवणारी वाट ठरली.

महाराष्ट्रातील अभ्यास : पतंजलीविषयीच्या आधुनिक संशोधनात पुणे-मुंबईचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या फ्रांत्स कीलहॉर्न यांनी महाभाष्याची तीन खंडांतली चिकित्सक आवृत्ती १८८० ते १८८५ या काळात मुंबईत प्रसिद्ध केली. गोणिकापुत्र आणि गोनर्दीय ही पतंजलीचीच नावे होत, ही रूढ समजूतही त्यांनी तपासली : महाभाष्यात ही नावे इतर आचार्यांची म्हणून येतात, असे त्यांनी दाखवले. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्याचा मराठी अनुवाद केला. काशीनाथ वासुदेव अभ्यंकरांनी त्याला विस्तृत प्रस्तावनाखंड जोडला आणि कीलहॉर्न आवृत्तीचे नव्याने संपादनही केले. शिवराम दत्तात्रेय जोशी आणि जे. ए. एफ. रोडबर्गन यांनी पुणे विद्यापीठातून १९६८ पासून महाभाष्याच्या इंग्रजी भाषांतराचे खंड सिद्ध केले. योगसूत्रांवर कृष्णाजी केशव कोल्हटकरांचे ‘भारतीय मानसशास्त्र’ हे मराठी विवरण प्रसिद्ध आहे.

सद्यःस्थिती : चित्ताचा मळ योगाने, वाणीचा व्याकरणाने आणि देहाचा वैद्यकाने दूर करणाऱ्या पतंजलीला वंदन करणारा श्लोक आज जगभरच्या योगवर्गांत म्हटला जातो. बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेच्या परंपरेत तो वर्गाच्या आरंभी म्हणण्याची रीत आहे. २००६ मध्ये हरिद्वारला सुरू झालेल्या आयुर्वेदिक उत्पादनांच्या कंपनीनेही हेच नाव घेतल्यामुळे ते घरोघरी पोहोचले. लोकव्यवहारात पतंजली म्हटले की आता योग आणि औषध आठवतात. ज्या शास्त्राशी या नावाचा संबंध सर्वांत निःसंशय आहे, ते व्याकरण तेवढे त्या श्लोकापुरते उरले आहे.