मोठ्यांमधला एडीएचडी : गोळी मेंदूत नेमकं काय करते?

एडीएचडी हा शाळकरी पोरांचा आजार, वय वाढलं की जातो, असा आपल्याकडे समज आहे. अनेकांचा तो जात नाही. धावपळ थांबते, पण कामं अर्धवट सोडणं, वेळा चुकणं, समोरचा बोलत असताना मन भलतीकडेच असणं चाळिशीतही राहतं. त्यावरचं नेहमीचं उत्तेजक औषध म्हणजे मिथाइलफेनिडेट. ते स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी १९४४ मध्ये बनवलं. पत्नी रीटा हिच्या नावावरून रिटालिन हे नाव आलं.

आधीच चंचल माणसाला उत्तेजक कशाला? याचं उत्तर मेंदूतल्या जोडणीत शोधलं जातंय. मेंदूचे दूरचे दोन भाग एकाच तालात चढउतार करत असतील, तर ते जोडलेले मानतात. एफएमआरआय यंत्र हे रक्तातल्या प्राणवायूवरून टिपतं. माणूस स्वस्थ पडलेला असतानाही ही जोडणी दिसते, हे भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवलं. हातात काम नसताना आठवणींत, विचारांत रमणारं एक जाळं असतं. त्याला 'डिफॉल्ट मोड' म्हणतात. (मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, ऊर्जेचा खर्च २० टक्के, आणि काम केलं तरी तो जेमतेम वाढतो! कॉमर्सवाल्याला हा ताळेबंद खटकणारच.)

कामाला बसलो की हे जाळं मागे सरायला हवं. एडीएचडी असलेल्या प्रौढांत ते नीट सरत नाही, असं अनेक अभ्यासांत आढळलं. मिथाइलफेनिडेट डोपामाइन आणि नॉरअॅड्रेनालिन परत शोषून घेणारी वाट अडवतं, त्यामुळे ही रसायनं पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहतात. मग कामाच्या वेळी रमणारं जाळं अधिक गप्प बसतं, असं काही चाचण्यांत दिसलं. सगळे निष्कर्ष मात्र जुळत नाहीत. २०२५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या हजारो मुलांच्या स्कॅनवरून आलेल्या अभ्यासात बदल दिसला तो लक्षाच्या जाळ्यांत नव्हे, तर जागेपण आणि बक्षिसाची ओढ यांच्या जाळ्यांत. म्हणजे कंटाळवाणं कामही करावंसं वाटतं! मला हे जास्त पटतं, पण प्रौढांचा हिशेब अजून बाकी आहे.

हे सगळे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे आहेत. एकट्या माणसाचं निदान स्कॅनवरून होत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. निदान डॉक्टर बोलून, लहानपणची माहिती घेऊन करतात.

साध्या गोळीचा असर साधारण चार तास. भूक मरते, झोप उडते, नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, म्हणून हृदयविकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. परीक्षेआधी मित्राकडून 'अभ्यासाची गोळी' मागून घेणं तर गुन्ह्यातही अडकवू शकतं. औषध परिशिष्ट 'एक्स'मध्ये आहे : चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार ठेवून घेतो. कायदा केंद्राचा, त्यामुळे बेळगाव, पणजी, कोल्हापूर, सगळीकडे नियम एकच.