नवाबाची हौस आणि आपला शेतसारा

परभणीतला एखादा मुलगा आज दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाइल टेकवून चंद्राचा फोटो काढू लागला, की शेजारीपाजारी म्हणतात, नसता उद्योग! या नसत्या उद्योगाला आपल्या भागात शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या खर्चात परभणीच्या काळ्या मातीचाही वाटा आहे.

परभणी जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादेत नवाब जफर जंग नावाचे एक उमराव होते. इंग्लंड पाहून आलेले, आकाशाचा नाद लागलेले. त्यांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडची १५ इंची दुर्बीण विकत घेतली आणि १९०१ मध्ये स्वतःच्या जागेत वेधशाळा मांडली. निजाम मीर महबूब अली खान यांच्या परवानगीने तिचे नाव ठेवले 'निजामिया', आणि आपल्यामागे ती सरकारने चालवावी अशी विनंतीही करून ठेवली. १९०७ मध्ये नवाब वारले. पुढच्याच वर्षी संस्थानाच्या अर्थखात्याने वेधशाळा ताब्यात घेतली.

आपला 'हौस' हा शब्द अरबी 'हवस'वरून आला. उर्दूत त्याला लोभाचा, वासनेचा वास येतो. मराठीत येऊन तो सज्जन झाला. जफर जंगांचे वेड मराठी अर्थाने हौस होते. एरवी नवाबांच्या हौशी कशाकशाच्या असत, ते सांगायला नको.

अर्थखात्याने चालवायची म्हणजे खजिन्यातून. आणि खजिन्यात कोण भर घालत होते? मराठवाड्यातले ज्वारी-कापूस पिकवणारे कुणबी. निजामी राजवट म्हटली की आपल्याकडे रझाकारांच्या आठवणी निघतात. त्या निघायलाच हव्यात. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस उगीच उजाडला नाही. पण शेतसारा आपण भरला, तर त्या पैशातून जे चांगले झाले त्यावरचा हक्क का सोडायचा? १९५६ मध्ये राज्ये भाषावार झाली, परभणी मुंबई राज्यात आली, वेधशाळा आंध्रात राहिली आणि आपल्या बोलण्यातूनही गेली.

काम मात्र मोठे झाले. १८८७ मध्ये पॅरिसला ठरले होते की जगातल्या वेधशाळांनी आकाश वाटून घ्यावे आणि साऱ्याचे फोटो काढावेत. दक्षिण आकाशातला जो पट्टा चिलीतल्या सँटियागोच्या वाट्याचा होता, तो हैदराबादकडे आला. पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन या संचालकांच्या काळात, ८ इंची दुर्बिणीवर काचेच्या पट्ट्या लावून रात्रीमागून रात्री फोटो घेतले गेले. दिवसा सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ताऱ्याचे स्थान मोजायचे. असे साडेसात लाखांहून अधिक तारे मोजून छापले गेले. पुढे पॉट्सडॅमच्या वाट्याचा उत्तरेकडचा एक पट्टाही हैदराबादनेच उचलला. १९१९ मध्ये वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली होती. जफर जंगांची १५ इंची दुर्बीण मात्र १९२२ मध्ये कुठे नीट बसली!

त्या काचांचे माप ठरलेले होते: आकाशातली एक कला म्हणजे काचेवर एक मिलिमीटर. या मापाने पुरा चंद्र तीन सेंटिमीटरचा येतो. गुरू, एवढा थोरला ग्रह, पण त्याला पुरता एक मिलिमीटरही मिळत नाही. त्यात फोटोच्या लेपाचे कण आणि हवेची थरथर. म्हणून ताऱ्यांच्या मोजणीत पटाईत असलेल्या मोठमोठ्या वेधशाळांनाही ग्रहांचे फोटो बेताचेच साधत. चंद्राचे तसे नव्हते. न्यूयॉर्कच्या जॉन ड्रेपर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८४० मध्येच, सुमारे वीस मिनिटे दुर्बीण चंद्रामागे फिरवत ठेवून, त्याचे चित्र तांब्याच्या चंदेरी पत्र्यावर उतरवले होते.

ग्रहांचे कोडे सोडवण्यात हौशी मंडळींचा हात मोठा. २००० च्या आसपास संगणकावरचा साधा वेबकॅम त्यांनी दुर्बिणीला जोडला. एक फोटो काढण्याऐवजी दोन-तीन मिनिटांत हजारो चित्रे घ्यायची, हवा क्षणभर थांबली असेल तेवढीच निवडायची आणि संगणकाने एकावर एक रचायची. गुरूचे पट्टे, शनीच्या कड्यातली काळी फट, सारे उघडे पडते. २०२१ मध्ये पुण्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पन्नास हजारांवर चित्रे जोडून चंद्राचा फोटो केला, तो देशभर पाहिला गेला.

परभणीत हे करायचे तर एक अडचण आहे. आपल्या स्लॅबच्या गच्च्या दिवसभर तापतात आणि रात्री उशिरापर्यंत वाफ सोडतात. त्या वाफेतून गुरू पाहणे म्हणजे उकळत्या पाण्याच्या तळचे नाणे पाहणे. दुर्बीण अंगणात मातीवर मांडावी, तास-दीड तास बाहेर थंड होऊ द्यावी, आणि ग्रह माथ्याशी आल्यावरच कॅमेरा लावावा.