रिंकार्ट, मार्टिन

(२३ एप्रिल १५८६ – ८ डिसेंबर १६४९). जर्मन लूथरपंथीय पाळक, नाटककार आणि भक्तिगीतकार. ‘नुन डांकेट आले गोट’ या उपकारस्तुतीच्या विख्यात गीताचा कर्ता. घोर आपत्तीतही ख्रिस्ती मनाने आनंद व कृतज्ञता कशी राखावी, याचे उदाहरण म्हणून त्याचे चरित्र प्रॉटेस्टंट परंपरेत आदराने सांगितले जाते.

सॅक्सनी प्रांतात मुल्डे नदीकाठी वसलेल्या आयलेनबुर्ग येथे, लाकडी पिंपे बनविणाऱ्या कारागिराच्या घरी त्याचा जन्म झाला. लाइपसिकच्या सेंट टॉमस शाळेत आणि पुढे तेथील विद्यापीठात त्याचे शिक्षण झाले. ईश्वरविद्या हा त्याचा मुख्य विषय होता. लूथरच्या जन्मगावी, आयस्लेबेन येथे, आणि नंतर एर्डेबोर्न येथे काही काळ सेवा केल्यावर १६१७ मध्ये तो आपल्या गावी आर्चडीकन म्हणून परतला. पुढच्याच वर्षी तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. युद्धाचा शेवट करणारा वेस्टफेलियाचा तह १६४८ मध्ये झाला आणि त्यानंतर साधारण वर्षभराने रिंकार्ट निवर्तला. म्हणजे आयलेनबुर्ग येथील त्याची जवळजवळ संपूर्ण सेवा लष्कराचे मुक्काम, खंडणीचे तगादे आणि रोगराई यांच्या छायेतच घडली.

आयलेनबुर्गला तटबंदी असल्याने आसपासच्या उद्ध्वस्त खेड्यांतील निर्वासित तेथे आश्रयास येत, आणि त्या दाटीमुळे १६३७ साली प्लेगने तेथे भयंकर रूप धारण केले. धर्मखात्याचा स्थानिक अधीक्षक गाव सोडून गेला, दोन सहकारी पाळक रोगास बळी पडले, आणि सर्व भार एकट्या रिंकार्टवर आला. तो कधी कधी एका दिवसात चाळीस-पन्नास प्रेतांचा दफनविधी करी. त्या वर्षी त्याने सुमारे ४,४८० जणांना मूठमाती दिली, असे त्याचे चरित्रकार नमूद करतात. मे महिन्यात त्याची पत्नीही त्याच साथीत वारली. साथीमागोमाग दुष्काळ आला, तेव्हा त्याने घरचे धान्य भुकेल्यांना वाटून टाकले आणि स्वतःच्या मुलाबाळांच्या अन्नवस्त्रासाठी पुढील वर्षांचे उत्पन्न गहाण ठेवले. १६३९ मध्ये स्वीडिश सेनानीने शहरावर ३०,००० टालरची खंडणी बसविली. त्याच्यापुढे केलेले आर्जव विफल झाल्यावर रिंकार्टने नगरवासीयांना प्रार्थनेस एकत्र केले, आणि अखेर ती रक्कम २,००० फ्लोरिनपर्यंत उतरली, असे सांगतात.

त्याचे प्रसिद्ध गीत वेस्टफेलियाच्या तहानंतर शांततेच्या उत्सवासाठी रचले गेले, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता; परंतु तहापूर्वीच, १६४७ मध्ये, संगीतकार योहान क्र्यूगरच्या संग्रहात ते सुरावटीसह छापले गेले होते, आणि त्याची रचना १६३६ च्या सुमाराची मानली जाते. मूळ हेतूही घरगुतीच होता: जेवणानंतर कुटुंबाने म्हणावयाची ती प्रार्थना होती. पहिल्या दोन कडव्यांचा आधार सीराखच्या ग्रंथाच्या पन्नासाव्या अध्यायात सापडतो; पहिल्यात जन्मापासून ईश्वराने केलेल्या उपकारांचे स्मरण, दुसऱ्यात आनंदी अंतःकरण व शांती यांची याचना आणि तिसऱ्यात त्रैक्याचे स्तवन आहे. शांती येथे मागितली आहे, मिळाली म्हणून आभार मानलेले नाहीत, ही बाब अर्थदृष्ट्या महत्त्वाची ठरते; कारण संकट टळल्यावर व्यक्त होणारी कृतज्ञता कोणासही सुचते, परंतु संकट दारात उभे असता रोजच्या भाकरीसाठी ईश्वराचे उपकार मानणे ही श्रद्धेची शिस्त असून ती आपत्तीपूर्वीच, नित्याच्या पंगतीत, अंगी बाणवावी लागते. पौलाने बंदिवासातून लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रात आनंदाचा जो आग्रह दिसतो, त्याची जातकुळी हीच आहे. अशा आनंदात दुःखाचा इन्कार नसतो. रिंकार्टच्या बाबतीत तर तो मृतांच्या सेवेत आणि भुकेल्यांच्या अन्नदानात प्रकटला.

योहान सेबास्टियन बाखने या गीतावर कँटाटा रचली आणि मेंडेल्सझोनने १८४० मधील आपल्या स्तुतिगीतात्मक सिंफनीत ते योजिले. १७५७ च्या लॉयटेन येथील विजयानंतर प्रशियाच्या सैनिकांनी ते गायिल्याची कथा प्रसिद्ध असून, १९५५ मध्ये सोव्हिएत संघातून सुटलेल्या युद्धकैद्यांच्या स्वागतप्रसंगी फ्रीडलांड येथे ते पुन्हा म्हटले गेले. रणांगणावरील जयघोषापेक्षा फ्रीडलांडचा प्रसंग या गीताच्या मूळ प्रकृतीस अधिक अनुरूप होता, असे म्हणावे लागते; सर्वस्व गमावूनही जे उरले त्याबद्दल आभार मानण्याची वाट ज्यांना शोधायची आहे, त्यांना ते विशेष जवळचे ठरते.