चेहऱ्याचा रंग आणि परळच्या प्रयोगशाळेची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने अंतर्गत कर्जातून दोन हजार रुपये मागितले. ही ताई पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन मुंबईला जाते. कर्ज कशाला हवं असं विचारलं, तर खाली मान घालून म्हणाली, "चेहरा काळवंडलाय गं, चांगलं क्रीम घ्यायचंय." दुकानातून आणलेली एक ट्यूब ती सहा महिने लावत होती. आधी चेहरा उजळला, मग आग व्हायला लागली आणि डाग आणखी गडद झाले.

आमच्यातल्या एका आजींनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला उपकेंद्रात नेलं. हिमोग्लोबिन निघालं ७.८. बाईचं किमान १२ असावं लागतं, गरोदर बाईचं ११. म्हणजे चेहऱ्यावर दोन हजार घालायला निघालेल्या बाईच्या अंगात रक्तच नव्हतं.

त्या दिवसापासून मी शोधायला लागले, की त्वचेवरून आतलं दुखणं ओळखणं माणूस शिकला कसा? त्यातली एक गोष्ट तर आपल्या जवळची, परळची निघाली.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. त्या वेळी कापड गिरण्यांत राबणाऱ्या अनेक गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्या पडत, सुजत आणि दगावत. विल्सबाईंनी आधी जंतू शोधले, पण त्यातून उलगडा झाला नाही. मग त्यांनी या बायका काय खातात ते पाहिलं. ताटात फळं, भाज्या, दूध जवळजवळ नव्हतंच. तसंच जेवण त्यांनी उंदरांना आणि माकडांना दिलं, तर तीही पांढरी पडली.

त्या काळी अशा आजारावर कलेजी खायला देत. हा उपाय अमेरिकेत १९२६ मध्ये सापडला होता. पण गरिबाला रोज कलेजी कुठून परवडणार? विल्सबाईंनी एका मरायला टेकलेल्या माकडाला मार्माइट दिलं. मार्माइट म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क, इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात तो. माकड उठून बसलं. मग तोच अर्क बायकांना दिला, त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापून जगाला सांगितलं. अर्कातला तो गुणकारी पदार्थ कोणता, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी, १९४१ मध्ये, तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड.

उपकेंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर हेच फॉलिक ॲसिड असतं. मुंबईच्या गिरणीतल्या बायकांच्या आजारपणातून ते जगाला मिळालं, आणि आपण ती गोळी "मळमळतं, काळं होतं" म्हणून डब्यात टाकून ठेवतो! लोहामुळे शौचाला काळं होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. चहासोबत मात्र घेऊ नये, चहा लोह अंगात मुरू देत नाही.

बोटांचे सांधे आणि हातपाय काळे पडले, तर तेही रक्ताचं लक्षण असू शकतं. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये हे नोंदवलं. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडलं की असा काळेपणा येतो आणि उपचार केल्यावर तो जातो. हे जीवनसत्त्व मासे, अंडी, दूध, मांस यांत असतं. आपल्या घरात सुकट, जवळा, बोंबील असतात, पण बाईच्या ताटात शेवटी रस्साच उरतो.

दुसरी गोष्ट दख्खनच्या पठारावरची. तिथे नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांच्या गळ्याभोवती, हातांवर, जिथे ऊन लागतं तिथे कातडी काळी पडून सोलायची. हा पेलाग्रा, नायासिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार. युरोप-अमेरिकेत तो मक्यावर जगणाऱ्यांना व्हायचा. हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मत मांडलं, की ज्वारीतलं ल्युसीन याला हातभार लावत असावं. म्हणून भाकरी सोडायची नाही. भाकरीसोबत डाळ, भाजी, शेंगदाणे, मासळी हवी. एकाच धान्यावर पोट भरतं, पण शरीराला लागणारं सगळं त्यातून मिळत नाही.

आता हार्मोनबद्दल. १८७३ मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी काही बायकांबद्दल लिहिलं, की यांचा चेहरा सुजतो, कातडी कोरडी होते, हालचाली मंदावतात. तेव्हा अशा बाईला आळशी म्हणत असतील, आजही म्हणतात. पण दोष गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा होता. १८९१ मध्ये डॉक्टर जॉर्ज मरे यांनी अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि पुढे २८ वर्षं जगली. आज त्याच कामाची एक छोटी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घेतात.

मग तपासणी कोणती करायची? सगळ्या एकदम नाही, त्यात पैसे वाया जातात. पहिली हिमोग्लोबिनची, ती उपकेंद्रात होते. कातडी कोरडी, केस गळतात, पाळी बिघडली, थकवा जात नाही, तर डॉक्टरांना टीएसएच या थायरॉईडच्या तपासणीबद्दल विचारा. मान आणि काखा मखमलीसारख्या काळ्या पडल्या, तर घासून जाणार नाहीत, साखर तपासा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तपासणीआधी सांगा, त्याने थायरॉईडचा अहवाल चुकू शकतो. गालावरचं वांग गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी येतं, उन्हाने वाढतं. त्यावर आधी पदर आणि टोपी, मग डॉक्टर. स्टिरॉईडची ट्यूब चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे, तरी ती हातोहात मिळते. तेव्हा घेणाऱ्यानेच सावध राहायला हवं.

आमच्या त्या ताईला आम्ही कर्ज नाकारलं नाही. त्यातले काही पैसे त्वचेच्या डॉक्टरांसाठी गेले. ट्यूब त्यांच्या सांगण्याप्रमाणे बंद झाली. लाल गोळ्या सुरू आहेत आणि माठ-शेवग्याची भाजी आता ती विकायच्या आधी घरापुरती बाजूला काढते. चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.६ झालं. डाग थोडे फिके झालेत, पूर्ण गेले नाहीत. पण लोकलचा जिना चढताना मध्ये बसावं लागत नाही, असं ती सांगते.

पुढच्या बैठकीला बचतीच्या पुस्तकाबरोबर तुमच्या घरातला लाल गोळ्यांचा डबाही आणा. किती गोळ्या शिल्लक आहेत ते आपण मिळून मोजू.