ठासणीच्या बंदुकीपासून कार्बाइनपर्यंत : शस्त्रसंग्रह, कायदा आणि स्मरण



एका विद्यालयाच्या स्मृतिव्याख्यानासाठी शस्त्रे हा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शस्त्र ही केवळ संहाराची वस्तू नव्हे. ती इतिहासाची एक नोंदही असते. एखाद्या समाजाची कारागिरी किती पुढे गेली होती, त्याची भीती कोणती होती, राज्यकर्त्यांचा प्रजेवर विश्वास किती होता, हे शस्त्रावरून आणि त्याच्या परवान्यावरून कळते. आपल्या जोयडा तालुक्यासारख्या रानावनाच्या मुलखात हे सांगण्यास फारसे प्रमाण द्यावे लागू नये. शेताच्या राखणीसाठी परवान्याने घेतलेली ठासणीची बंदूक, तिचे जपून ठेवलेले पुस्तक आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करण्याची धावपळ, या गोष्टी येथे परक्या नाहीत. त्या साध्या बंदुकीपासून आरंभ करून विसाव्या शतकातील एका विशिष्ट शस्त्रापर्यंत, म्हणजे सबमशीनगनपर्यंत, आज आपल्याला जावयाचे आहे. आपल्याकडे तिला कोणी टॉमी गन म्हणतात, कोणी स्टेनगन, तर सैन्यात व पोलिसांत ती ‘कार्बाइन’ या नावाने ओळखली जाते.

प्रथम कायद्याचा विचार करू. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला हिंदी माणसाच्या हातातील शस्त्राची धास्ती बसली. त्या धास्तीतून पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १८६२ साली तो मद्रास इलाख्यातून काढून मुंबईस जोडला गेला होता. या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला आणि युरोपियनांना मात्र सवलती मिळाल्या. हा भेद राष्ट्रीय सभेच्या पुढाऱ्यांना पहिल्यापासून खुपत होता. अहिंसेचे उपासक असलेल्या महात्मा गांधींनीही एका राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याचा कठोर शब्दांत निषेध केला होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. स्वातंत्र्यानंतर संसदेने १९५९ चा नवा कायदा केला व तो १९६२ च्या ऑक्टोबरपासून अमलात आला. वंशभेद गेला, परवाना राहिला. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन बंदुकांची मर्यादा घातली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली.

याच कायद्यात ‘निषिद्ध शस्त्र’ अशी एक संज्ञा आहे. चाप दाबून धरला असता जोवर तो सोडला जात नाही किंवा गोळ्या संपत नाहीत तोवर गोळ्या सुटतच राहतात, असे शस्त्र ते निषिद्ध शस्त्र, असा तिचा आशय आहे. सबमशीनगन नेमकी या व्याख्येत बसते. म्हणून आपल्याकडे सामान्य नागरिकाच्या घरी तिचा संग्रह असू शकत नाही. ती पाहावयाची, तिची दुसऱ्या बंदुकीशी तुलना करावयाची, तर पलटणींची संग्रहालये हेच आपले स्थान. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि त्याचे संग्रहालयही आहे.

अमेरिकेत मात्र वेगळा प्रकार दिसतो. तेथे १९३४ च्या कायद्याने अशा बंदुकांवर बंदी घातली नाही. त्यांची सरकारदरबारी नोंद आणि दर हस्तांतरास दोनशे डॉलर कर एवढेच बंधन घातले. त्या काळी ही रक्कम जवळजवळ बंदुकीच्या किमतीएवढी होती. पुढे मे १९८६ मध्ये नव्या बंदुका या नोंदीत घेणे नागरिकांसाठी बंद झाले. परिणाम असा झाला की, तेव्हा नोंदल्या गेलेल्या बंदुकाच काय त्या आज खाजगी संग्राहकांच्या हातांत फिरतात. संख्या वाढत नाही, मागणी वाढते, आणि एकेका नगाची किंमत हजारो डॉलरांच्या घरात जाते. युद्धकाळात थोडक्या खर्चात, घाईघाईने बनवलेली स्टेनगन अशा रीतीने श्रीमंतांच्या कपाटातील दुर्मीळ वस्तू झाली. काळाचा हा एक विनोदच म्हणावयाचा.

आता या शस्त्रांची तुलना करू. सबमशीनगन म्हणजे पिस्तुलाचे लहान काडतूस वापरणारी, दोन्ही हातांनी धरावयाची, लागोपाठ गोळ्या सोडणारी बंदूक. पहिल्या महायुद्धात खंदकांतील लढाईला लांब रायफल अडचणीची ठरू लागली, तेव्हा १९१८ साली जर्मनांनी बर्गमन बनावटीची अशी बंदूक रणात आणली. अमेरिकेत जनरल थॉम्पसन यांची टॉमी गन १९२१ पासून विक्रीस आली. ती उत्तम पोलादाची, कातून घडवलेली, लाकडी दस्त्याची आणि वजनाने पाच किलोच्या आसपास होती. तिची गोळी ४५ कॅलिबरची, जाड व जबर. दुसरे महायुद्ध पेटताच इंग्रजांनी ती मोठ्या संख्येने विकत घेतली. पण ती महाग पडे. म्हणून १९४१ मध्ये शेफर्ड आणि टर्पिन यांनी नळकांडे व झाळकाम यांवर भागवलेली स्टेनगन तयार केली. शेफर्डचा ‘एस’, टर्पिनचा ‘टी’ आणि एनफिल्डची दोन अक्षरे मिळून तिचे नाव झाले. तिचे वजन सुमारे तीन किलो, गोळी नऊ मिलिमीटरची, मॅगझिन डाव्या बाजूस आडवे. त्यात ३२ गोळ्या मावत. पण गोळी अडकू नये म्हणून शिपाई दोनचार कमीच भरीत. खाली आपटली तर आपोआप सुटण्याची खोडही तिला होती.

या खोडी पॅचेट यांच्या आरेखनाने दूर केल्या. तीच स्टर्लिंग. ब्रिटिश सैन्याने ती १९५३ मध्ये स्वीकारली. तिचे ३४ गोळ्यांचे वाकडे मॅगझिन आणि त्यातील फिरते रोलर यांमुळे गोळी सहसा अडकत नसे. कानपूरच्या कारखान्यात ती भारतातही बनू लागली आणि आपल्या पिढीने पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेली कार्बाइन ती हीच. याच सुमारास आपल्या तालुक्याच्या पश्चिम सीमेपलीकडे, गोव्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांनी १९४८ मध्ये लिस्बनच्या ब्रासो द प्राता कारखान्याची कार्बाइन स्वीकारली होती. जर्मन आणि अमेरिकन बंदुकांतील सोयीचे भाग एकत्र करून ती रचलेली होती. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले, तेव्हा ६३ वी पायदळ ब्रिगेड आपल्याच अनमोडच्या घाटाने मोल्याकडे उतरली. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली आणि चार शतकांहून अधिक काळाची सत्ता संपली. जगाच्या इतिहासाची वाट आपल्या दारावरून कशी जाते, याचे हे उदाहरण आहे.

वजन, गोळी, मॅगझिन हे आकडे नुसते पाठ करून काय साधते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दोन मराठी शिपायांच्या चरित्रात आहे.

नाईक यशवंत घाडगे हे रायगड जिल्ह्यातील माणगाव भागातले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची तुकडी शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांच्याखेरीज तुकडीतील सारे मारले गेले वा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशीनगन बंद पाडली, टॉमी गनने एकास टिपले आणि मॅगझिन बदलण्यास वेळ नाही असे पाहून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आता आकडे पाहा. टॉमी गन मिनिटाला सुमारे ७०० गोळ्यांच्या वेगाने चालते. म्हणजे सेकंदास अकरा-बारा. वीस गोळ्यांचे मॅगझिन पावणेदोन सेकंदांत, तीसचे अडीच सेकंदांच्या आसपास रिकामे होते. चाप दाबून धरला की एका श्वासात बंदूक मुकी होते. तंत्रज्ञांच्या तक्त्यातील ही रुक्ष संख्या घाडगे यांच्या आयुष्याचा शेवटचा क्षण होऊन आपल्यासमोर उभी राहते. आणि बंदुकीचे वजन, जे तक्त्यात दोष म्हणून मांडले जाते, तेच त्या क्षणी त्यांच्या कामी आले.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीच्या काठी त्यांनी एका जखमी सोबत्याला खोल पाण्यातून, उंच बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून नेले. मग दुसऱ्या जखमी सोबत्यालाही आणले. पुन्हा परतून त्यांनी टॉमी गनने शत्रूचे ठाणे गारद केले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेऊन आणखी दोन ठाणी मोडली. शेवटी बांधावर चढून त्यांनी मराठा पलटणीची आरोळी ठोकली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघांच्याही कथेत ती नामांकित बंदूक निर्णायक क्षणी निकामी ठरली, आणि काम केले ते माणसाने.

संग्रहाचा खरा अर्थ येथे सापडतो. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा साध्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनास दिला. त्या वस्तूंचे मोल धातूपेक्षा त्यांमागच्या हातांत आहे. शस्त्रालाही हाच न्याय लागू पडतो. ज्याच्यामागे माणूस, गाव आणि तारीख नाही, ती बंदूक म्हणजे लोखंडाचा तुकडा. निव्वळ वेग आणि मारा यांच्या कौतुकात रमणारा संग्राहक शस्त्राची पूजा करतो. माणसाची आठवण जपणारा संग्राहक इतिहास लिहितो.

आपल्या हाती सबमशीनगन येणार नाही आणि येऊही नये. पण आपल्या हाती कागद आहेत. घरातील बंदुकीचे जुने परवाने, त्यांवरील शिक्के, ती घेण्याचे कारण, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीस पडलेला आळा, अनमोडच्या वाटेने फौज गेली तेव्हाच्या वृद्धांच्या आठवणी, कोणी सैन्यात असेल तर त्याची पत्रे, हे सारे या तालुक्याच्या इतिहासाचे साधन आहे. सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गेले, तेव्हा घरांबरोबर किती कागद गेले असतील, याचा विचार मनास चटका लावतो. उरले आहे ते तरी विद्यार्थ्यांनी वही घेऊन, वडीलधाऱ्यांपाशी बसून, नावगावासह व सालासह टिपून ठेवावे. शाळेच्या कपाटातील अशी एक वही कोणत्याही शस्त्रागाराइतकी मोलाची ठरेल.