नेव्हा नदीतली विजेची नाव

१८३८ च्या सप्टेंबरात रशियात, सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हा नदीत डझनभर माणसे घेऊन एक नाव चालली. शीड नाही, वल्ही मारणारे नाहीत, वाफेचे इंजिनही नाही! जर्मनीत जन्मलेल्या मोरित्स याकोबीने तिच्यावर स्वतः बनवलेली विद्युतमोटर बसवली होती. तिला वीज पुरवायला जस्त-तांब्याच्या पत्र्यांच्या ३२० जोड्या होत्या. वेग मात्र ताशी अडीच किलोमीटरच्या आसपास. काठावरचा माणूस चालत पुढे गेला असता.

पुढच्या वर्षी याकोबीने विल्यम ग्रोव्हचे नवे जस्त-प्लॅटिनमचे ६४ घट वापरले. वेग ताशी सुमारे ४ किलोमीटर झाला. मोटरही सुधारली होती. पण एवढ्या कमी घटांत हे कसे जमले? जस्त-तांब्याच्या घटाचा विद्युतदाब सुमारे १ व्होल्ट, ग्रोव्हच्या घटाचा सुमारे १.९. शिवाय त्याचा अंतर्गत रोध कमी, त्यामुळे तो मोठी धारा देऊ शके. मोटरीचा वेग मुख्यतः दाबावर ठरतो आणि ओढ धारेवर. भार वाढला की मोटर जास्त धारा घेते; घटाचा रोध मोठा असेल तर बराचसा दाब घटातच खर्ची पडतो.

तिसरा प्रश्न क्षमतेचा, म्हणजे वीज किती वेळ पुरेल याचा. एक अँपिअर धारा तासभर घेतली, की प्रत्येक घटातले सुमारे १.२ ग्रॅम जस्त विरघळते. एकसर जोडलेल्या ६४ घटांत हे सुमारे ७८ ग्रॅम होते. जस्त हेच इथले इंधन! इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूलने १८४१ मध्ये हिशेब मांडला: एक पौंड कोळशावर उत्तम वाफेचे इंजिन जेवढे काम करते, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा काम त्याची मोटर एक पौंड जस्तावर करी. त्यात जस्त कोळशाहून कितीतरी महाग. मोटर चालत होती, पण परवडत नव्हती. डायनॅमोची स्वस्त वीज मिळू लागल्यावरच ती कारखान्यांत शिरली.

वर्गात खेळण्यातली मोटर एका घटावर चालवून पाहावी. मग तिला साजेसे दोन सारखे घट आधी एकसर, नंतर समांतर जोडावेत. एकसर जोडणीत वेग वाढतो. समांतर जोडणीत तो जवळजवळ तेवढाच राहतो, पण घट जास्त वेळ टिकतात. आस बोटाने हलकेच दाबला, तर अँमीटरचा काटा कोणीकडे सरकेल? उत्तर आधी विद्यार्थ्यांकडून घ्यावे, मग प्रयोग करावा.